उजळाईवाडी ते मोहनबारी: विमानाचा हिशेब

मुलीला दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजात पीजीची जागा मिळाली आणि घरात पहिला प्रश्न निघाला: कोल्हापूरहून तिथं पोचायचं कसं, आणि लागणार किती वेळ?

नेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की उत्तर लगेच येतं. उजळाईवाडी (कोल्हापूर) ते मोहनबारी (दिब्रुगड) सुमारे २,४५० किलोमीटर, उड्डाण साडेतीन तास. हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून काढलेलं, सगळ्यांत जवळचं. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास धरून त्याला भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, एवढाच तो हिशेब. चुकीचा नाही, पण कोल्हापूरहून दिब्रुगडला थेट विमानच नाही. म्हणून मी नकाशा घेऊन बसलो.

सर्वांना सुचतो तो मार्ग मुंबई-दिल्लीचा. कोल्हापूर-मुंबई ३१० किलोमीटर, मुंबई-दिल्ली ११४०, दिल्ली-दिब्रुगड १७६०. बेरीज ३,२०० च्या वर. आधी वायव्येला, मग उत्तरेला आणि तिथून पूर्वेला, असा सगळा वळसा. दुसरा मार्ग हैदराबाद-कोलकात्याचा. कोल्हापूर-हैदराबाद साधारण ४४५, पुढं कोलकाता १२१०, तिथून दिब्रुगड ८५०. एकूण जेमतेम २,५०० किलोमीटर! हैदराबाद आणि कोलकाता जवळजवळ त्या सरळ रेषेवरच येतात, हे नकाशावर पट्टी ठेवेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला तर फार आनंद झाला.

हवेतला वेळही माफक निघाला. हैदराबादपर्यंत पंख्याचं एटीआर विमान, त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, म्हणून तेवढ्याशा अंतराला सव्वा तास. पुढचे दोन टप्पे जेटचे, दोन तास आणि दीड-पावणेदोन तास. सगळे मिळून पाच तास.

खरी कसोटी मधल्या थांब्यांची. कोलकात्याला संध्याकाळी उतरलं की दिब्रुगडचं विमान दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाच तासांच्या उड्डाणासाठी एक मुक्काम. आम्ही तो मुक्काम मुद्दाम धरला. तासाभराच्या जोडणीवर मुलीला एकटीला धावायला लावणं मला पटत नव्हतं. शक्य तिथं एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) तिकीट काढलं, म्हणजे सामान पुढं जातं आणि पहिलं विमान उशिरा आलं तरी दुसऱ्याची सोय कंपनीनं बघायची असते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण ती चुकामूक आपल्या पदरी येते. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळं मोठी हातबॅग नेऊ नये.

पोचण्याची वेळही मी सूर्यावर बेतली. दिब्रुगड कोल्हापूरच्या पूर्वेला जवळपास २१ रेखांश आहे, पण घड्याळ दोन्हीकडे एकच. त्यामुळं हिवाळ्यात तिथं सूर्य सव्वा तासाहून अधिक आधी मावळतो आणि डिसेंबरात साडेचारच्या आतच अंधारू लागतं. आसामच्या चहाबागांनी म्हणूनच आपलं घड्याळ तासभर पुढं ठेवलेलं आहे. विमानतळ शहराबाहेर, नवखी पोर, तेव्हा दुपारी उतरणारंच विमान निवडलं.

परतीची जोडणी मात्र थोडी सैल ठेवावी. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, त्यामुळं येताना तेच अंतर कापायला जास्त वेळ लागतो.