कापडावरचं रामगड

आमच्या मंडळाची कोजागिरी म्हणजे आधी अहवाल, मग जमाखर्च, मग अध्यक्षांचे दोन शब्द. (त्या दोनाचे दोनशे होतात, पण ते असो.) नारळ फुटला की पोरं ओरडायची, "पिच्चर लावा की गा!" आणि बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत पांढऱ्या कापडावर रामगड उभं राहायचं.

'शोले'च का, असं नव्या सुना विचारतात. सुरुवातीला आम्ही मराठी ऐतिहासिक सिनेमे लावायचो. पण गल्लीतली निम्मी घरं कन्नड. ती माणसं दूध पिऊन, हात जोडून उठून जायची आणि ते मनाला लागायचं. 'शोले' लावला त्या वर्षी कुणी उठलं नाही. हिंदी कुणाच्याच घरची नाही, त्यामुळं रुसवाफुगवा नाही. शिवाय रामगड वसवलं ते बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत, तेव्हा शेजारी ते गाव आपलं म्हणणार. सचिन पडद्यावर आला की शिट्ट्या आमच्या. कालिया झालेले विजू खोटेही आमचेच, पण शिट्टी पुरी व्हायच्या आत त्यांना गोळी लागते.

पडद्याचं कापड मागवाल्यांनी दिलेलं. शिंपीमामांनी चार पन्ने जोडून तो शिवला, आणि मधली आडवी शिवण नेमकी गब्बरच्या कपाळावरून जायची. तेव्हा सोळा एमएमचं एकच मशीन. रीळ संपलं की दिवे लागायचे, तेवढ्यात बायका घरी जाऊन दूध झाकून यायच्या.

एका वर्षी रीळ चालू असतानाच लाइट गेली. तीही कुठं? जया भादुरी वाड्यातले दिवे एकेक करून मालवते आणि समोर अमिताभ माउथ ऑर्गन वाजवत बसलेला असतो, तिथं. आधी सगळ्यांना वाटलं, सिनेमातलाच अंधार आहे. मग पोरं किंचाळली. इतक्यात मागच्या रांगेतून अर्धी राहिलेली धून पुढं सुरू झाली. आमचे मागवाले काका! दिवसभराच्या खटखटीनं कान गेलेले, कानाशी जाऊन ओरडावं तेव्हा ऐकू येणारे. दोन्ही हातांच्या ओंजळीत तो एवढासा बाजा, डोळे मिटलेले, आणि सूर जरासुद्धा हलला नाही. चांदणं टिपूर पडलेलं. दूध ढवळणाऱ्यानं पळी तशीच धरून ठेवली होती, तिच्यावरून थेंब पातेल्यात पडत होते.

नंतर काकूंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, "मागावर बसून वाजवतात की. पण मागापुढं मला काय ऐकू येतंय?"

तेव्हापासून लाइट असो नसो, त्या जागी सिनेमा थांबवायचा आणि काकांनी वाजवायचं, हा आमचा रिवाज. पुढं मशीन जाऊन प्रोजेक्टर आला, रिवाज राहिला. मूळ धून भानू गुप्तांनी वाजवलेली. द्वारका दिवेचांनी ती कातरवेळ कॅमेऱ्यात धरायला वीसेक दिवस घालवले म्हणतात. कबूल. पण माझा घसा दाटतो तो काकांच्या वेळी, दर वर्षी.

१५ ऑगस्ट १९७५ला आलेला हा सिनेमा पन्नास वर्षांचा झाला आणि डिसेंबर २०२५मध्ये नव्यानं धुऊनपुसून थिएटरात लागला. मंडळानं चाळीस तिकिटं काढली. आले सत्तावीस. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे मात्र त्रेपन्न जणांनी दाखवले होते! तेरा तिकिटांचे पैसे कुणाच्या खिशातून गेले, ते खजिनदारांना विचारा. (खजिनदार मीच आहे.) या नव्या 'शोले'त आणीबाणीच्या काळात सेन्सॉरनं बदलायला लावलेला मूळ शेवटही होता, पोलिस येत नाहीत, ठाकूरच गब्बरला संपवतो. शिंपीमामा हळहळले, "हे आधी का दाखवलं नाहीत गा?" मला मात्र सवयीचे पोलिस आले नाहीत म्हणून चुकल्यासारखं वाटलं.

पण लक्ष होतं ते दिव्यांच्या प्रसंगाकडं. एवढा मोठा पडदा, कुठं शिवण नाही. जयानं पहिला दिवा मालवला आणि आमच्या दोन्ही रांगांतली डोकी काकांकडं वळली. काकांनी हात खिशात घातला. सिनेमा काही थांबला नाही. हात तसाच खिशात राहिला.

आभारात दर वर्षी कुणीतरी राहतं. एकदा दूधवाले राहिले, तर पुढची दोन वर्षं दूध पातळ आलं. म्हणून सगळे लिहितो: कापड देणारे मागवाले, शिंपीमामा, बांबू देणारे मंडपवाले, अंगणातून वायर ओढू देणाऱ्या कन्नड अक्का, मशीनवाले आणि त्यांचा रीळ उलटं गुंडाळणारा पुतण्या, दूधवाले (ठळक अक्षरांत), पेले विसळणाऱ्या सगळ्या मावश्या, सकाळी पत्रावळ्या गोळा करणारी चौघं पोरं. आणि त्या रात्री लाइट अर्धा तास उशिरा सोडणारा वायरमन. त्याचं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नाही, पण त्याचेही.