स्पाइक जीनची कोडॉन मोजणी: आत्तापर्यंतचा अपडेट

तर मंडळी, सध्या कोविडच्या व्हायरसच्या स्पाइक जीनवर (पेशीत शिरायला वापरतो त्या काट्यासारख्या प्रोटीनचा जीन) बसलोय. त्यात कुठला कोडॉन, म्हणजे एका अमिनो ॲसिडचा तीन अक्षरी कोड, किती वेळा येतो ते मोजतोय. वुहानचा रेफरन्स जिनोम एनसीबीआय या जिनोमच्या सार्वजनिक डेटाबेसवरून उतरवला, 29,903 अक्षरांचा, त्यातला 21563 ते 25384 एवढा तुकडा कापला, म्हणजे 1273 अमिनो ॲसिडं आणि शेवटी स्टॉप. पायथनमध्ये तीन-तीन अक्षरं मोजायला काही डोकं लागत नाही, खरी मजा आकडे बघताना.

आर्जिनिन हे अमिनो ॲसिड घ्या. एकाच अमिनो ॲसिडला अनेक कोडॉन चालतात, याला सहा. स्पाइकमध्ये एकूण 42 आर्जिनिन, त्यातले 20 एकट्या एजीएचे आणि सीजीजी फक्त 2, म्हणजे आरएससीयू (सगळे कोडॉन सारखे वापरले असते तर जितके आले असते त्याच्या किती पट) 2.86 आणि 0.29! माणसात हे दोन्ही जवळपास सारखेच चालतात. आणि ते 2 सीजीजी एकमेकांना खेटून, बरोब्बर फ्युरिन साइटवर, म्हणजे आपल्या पेशीतलं फ्युरिन एन्झाइम स्पाइक जिथे कापतं तिथे. (यावरून 'लॅबमध्येच बनवलाय' म्हणून भांडणारे भेटतील, पण दुर्मिळ आहे म्हणजे पुरावा झाला असं नाही, बाकीच्या जिनोममध्येही सीजीजी आहेतच की.)

मग शेजारी फायझरच्या लशीचा सिक्वेन्स ठेवला. डब्ल्यूएचओच्या कागदात यूऐवजी (आरएनएमध्ये टीच्या जागी यू असतो) साय हे ग्रीक अक्षर असतं, ते आधी टी करून घ्या नाहीतर स्क्रिप्ट बोंबलते. पहिले 15 कोडॉन बघा, अमिनो ॲसिडं तीच, पण 12 कोडॉन बदललेत. ल्युसिनला व्हायरस सीटीटी, टीटीए, टीटीजी, सीटीए असं हाताला लागेल ते वापरतो, लशीत चारही जागी सीटीजी, माणसाचा लाडका.

आता यावरून 'व्हायरस अजून माणसात रुळला नाही' असं म्हणायचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. एचकेयू1 बघा ना, सर्दीवाला कोरोना, 2005 मध्ये हाँगकाँगहून रिपोर्ट झालेला, माणसातच फिरतो आणि जीसी (जिनोममधल्या जी आणि सी अक्षरांचं प्रमाण) जेमतेम 32 टक्के, म्हणजे कोविडच्या 38 पेक्षाही खाली, आपल्या आवडत्या कोडॉनपासून (त्यांच्या शेवटी बहुधा जी नाहीतर सी) अजूनच लांब! माझ्या मते इथे रायबोझोमच्या (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) सोयीपेक्षा बाकीचे दबाव जास्त चालतात: पेशीतलं झॅप प्रोटीन सीपीजी (सीच्या लगेच पुढे जी) असलेला आरएनए ओळखून धरतं म्हणून सीपीजी कमी, आणि सीचा यू होणारी म्युटेशन्स भरपूर, त्यामुळे तिसऱ्या जागी ए नाहीतर यू. म्हणून नुसता सीएआय (जीनचे कोडॉन माणसाच्या आवडीशी किती जुळतात त्याचा आकडा) काढून 'अ‍ॅडाप्टेशन' म्हणणाऱ्या ग्राफवर माझा फारसा भरवसा नाही.

पुढे प्रोटीन तेच ठेवून, जिनोमच्या अक्षरांच्या प्रमाणात कोडॉन रँडम भरून खोटे स्पाइक बनवणार आणि खऱ्याचा सीएआय त्या गर्दीत कुठे पडतो ते बघणार. कोड साफ केला की टाकतो.