काटकसर ताटापासून सुरू करू नका

पगार पुरेनासा झाला की घराघरांत पहिली कात्री कशावर चालते, ते मी वर्षानुवर्षं पाहते आहे. आधी फळं बंद होतात. मग दूध अर्ध्या लिटरने कमी होतं. मग घरातली बाई स्वतःची तपासणी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून पुढे ढकलते. त्याच घरात हॉलमधला जुना पंखा दिवसरात्र फिरत असतो, मिळकत कर सवलतीची मुदत उलटल्यावर भरला जातो आणि बीपीची गोळी वर्षानुवर्षं त्याच महागड्या नावाची येत राहते. मला याचा खरंच राग येतो. पैसे वाचवायचे तर ते आधी बिलांतून, करांतून आणि खरेदीच्या पद्धतीतून वाचवावेत. माणसाच्या ताटाला आणि तब्येतीला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी यावी.

मी एका कॉलेजच्या अकाउंट्स विभागात काम करते, पुण्यात धायरीत राहते. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. आकडे बघायची सवय कामातूनच लागली, म्हणून विजेच्या बिलापासून सुरुवात करते.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर सगळ्यात कमी असतो. 101 ते 300 मधल्या युनिटांचा वीज आकार त्याच्या दुपटीहून जास्त, आणि 300 च्या पुढे आणखी वर. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे, आणि एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क. आता यातली खरी गोम बघा. तुम्ही एक युनिट वाचवता तेव्हा ते पहिल्या शंभरातलं नसतं, नेहमी वरच्या टोकाचं, म्हणजे तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. महिन्याला 180 युनिट जाळणाऱ्या घराने 40 युनिट कमी केली तर ती चाळीसच्या चाळीस महागड्या दराची कमी होतात. "थोडी वीज वाचवून असा काय फरक पडणार?" असं कुणी म्हणालं की मी बिलच पुढे ठेवते.

ही 40 युनिट मिळतात कुठून? आमच्याकडे पंख्यांतून मिळाली. जुना साधा पंखा साधारण 75 वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास. तीन पंखे रोज सरासरी दहा तास चालले तर दिवसाला सव्वा युनिटाहून जास्त वाचतं, महिन्याला चाळीस. सगळे आकार धरून साडेचारशे-पाचशे रुपये. एक पंखा तीन हजारांच्या आसपास पडतो. पुण्यात थंडीचे तीन-चार महिने पंखा फारसा लागत नाही, तरी दोन वर्षांत जवळजवळ सगळे पैसे फिटतात आणि पंखा पुढे कितीतरी वर्षं चालतो. कुणाला उकाड्यात बसावं लागत नाही, कुणाला "पंखा बंद कर" म्हणून ओरडावं लागत नाही. मला हीच बचत आवडते. एकदा ठरवायचं, एकदा पैसे घालायचे, पुढे घरात रोज कटकट नाही.

गीझरचं तसं नाही, तिथे सवय लागते. 2000 वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी पाठोपाठ उरकल्या तर तापलेलं पाणी वाया जात नाही. मुलगा नऊला उठून पुन्हा गीझर लावतो तेव्हा तेच पाणी दुसऱ्यांदा तापतं. थर्मोस्टॅट 50 अंशांवर आणून ठेवला तरी अंघोळीला पुरतं, उगाच उकळतं पाणी करून त्यात गार मिसळायचं कशाला? फ्रीज नवा घेणार असाल तर वीजबचतीच्या लेबलवरच्या नुसत्या चांदण्या (स्टार) मोजू नका. त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो, तो वाचा.

आता औषधं. सासूबाईंना बीपी आणि साखर दोन्ही आहे, म्हणजे या गोळ्या कायमच्या. गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि औषधाचं खरं नाव बारीक अक्षरात. ते बारीक नाव लिहून घ्या: टेल्मिसार्टन 40, मेटफॉर्मिन 500, जे असेल ते. तेच औषध जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, बहुतेक वेळा निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. नावाबरोबर मिलिग्रॅम जुळले पाहिजेत, आणि पुढे एसआर किंवा एक्सआर अशी अक्षरं असतील तर तीही जुळली पाहिजेत, कारण ती गोळी शरीरात हळूहळू विरघळणारी असते आणि साधी गोळी तिच्या जागी चालत नाही. आमच्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं, "जनऔषधीतली चालेल ना आईंना?" त्यांनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून दिलं. थायरॉइडच्या आणि फिट्सच्या गोळ्यांची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, तिथे थोडासा फरकही शरीराला जाणवू शकतो.

या पैशांतून सासूबाईंची दर तीन महिन्यांची साखरेची तपासणी होते. ती आम्ही एकदाही चुकवत नाही.

धान्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुण्यात वर्षाचं धान्य भरायची पद्धत मागे पडत चालली आहे, आणि मला ती जायला नको आहे. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो, तेव्हा भाव बरा असतो आणि निवडीला मालही भरपूर. आम्ही सोसायटीतली चार घरं मिळून मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात जातो आणि लोकवन किंवा सिहोर गव्हाचे कट्टे घेतो. टेम्पोचं भाडं वाटून घेतलं की अंगावर येत नाही. गच्चीवर ऊन द्यायचं आणि धान्य पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरायचं. गरम भरलं तर आत घाम सुटतो आणि किडीला तेच हवं असतं. कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात. पुढे वर्षभर गिरणीतून ताजं दळण. तांदूळ मात्र मी वर्षाचा भरत नाही. आमच्याकडे इंद्रायणी लागतो आणि जुना झाला की त्याचा वास उतरतो. जागा नसलेल्या घराने सहा महिन्यांचं भरावं, दोन घरांनी एक कट्टा वाटून घ्यावा. मात्र घरात जे खाल्लं जातं तेवढंच भरा, स्वस्त मिळालं म्हणून भरलेली नाचणी कोठीत पडून राहिली तर ती महागच पडली.

भाजीसाठी ऑफिसहून येताना महात्मा फुले मंडईत उतरते. संध्याकाळी उशिरा विक्रेत्यांना माल संपवायचा असतो, तेव्हा वाट्यावर भाजी चांगली मिळते. जवळच्या शेतकरी आठवडे बाजारातही जाते. फळं हंगामाची घेते. पुरंदरचं सीताफळ, अंजीर, एरवी पेरू, पपई, केळी. परदेशी सफरचंदाच्या पैशांत पेरू आठवडाभर पुरतात, आणि मुलं खातात तेच खरं.

मिळकत कराचं थोडक्यात सांगते. स्वतःच्या घरात राहत असाल तर पुणे महापालिकेची 40 टक्के सवलत तुमच्या बिलात लागली आहे का ते तपासा. नसेल तर पीटी-3 अर्ज भरावा लागतो. एप्रिलमध्ये बिल आलं की लवकर भरलं तर सर्वसाधारण करात सूट मिळते. सोसायटीत सौर ऊर्जा, गांडूळखत किंवा पावसाचं पाणी मुरवायची सोय चालू असेल तर त्याचीही सवलत आहे, एकासाठी 5 टक्के, दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के. पीपीएफमध्ये पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत टाका. व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकेवर मोजतात, सहा तारखेला टाकले तर त्या महिन्याचं व्याज गेलं. आणि पीएमपी बसचा दिवसाचा पास जून 2025 मध्ये 40 चा 70 झाल्यापासून नुसतं जाऊन-येऊन त्याचे पैसे सुटत नाहीत. तीन-चार बस बदलायच्या असतील त्याच दिवशी मी तो काढते.

आता आमच्या सोसायटीत लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांचं बिल मेंटेनन्समधून जातं, आणि ते कमी करायच्या मागे मी लागले आहे. छतावर सौर वीज बसवायच्या पीएम सूर्यघर योजनेत एकट्या घराला 3 किलोवॉटपर्यंत 78,000 रुपये अनुदान आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं. सोसायटीच्या सामायिक विजेसाठीही किलोवॉटमागे 18,000 मिळतात, हे आमच्या कमिटीतही कुणाला ठाऊक नव्हतं. गच्ची मोजून झाली आहे, तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत गेल्या वर्षीच्या सामायिक मीटरच्या बिलांची बेरीज मी फळ्यावर लिहिणार आहे.