बंगले का नाही करत?

‘इतकी वर्षं आर्किटेक्ट आहात, एखादा देखणा बंगला का नाही केलात? खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट, यात डिझाइन करण्यासारखं असतं तरी काय?’ घरच्या कार्यात हा प्रश्न हमखास येतो. आता विद्यार्थीही विचारू लागलेत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

बंगल्यात एक कुटुंब असतं, समोर बसून काय हवं ते सांगतं. माझ्या इमारतीत जी माणसं राहणार, कामाला येणार, खरेदीला येणार, त्यांतलं कुणीच नकाशा काढताना समोर नसतं. त्यांच्या वतीने बोलायला मीच असतो. मला हे काम आवडतं ते यासाठी.

लोकांना बाहेरची काच दिसते. आमचा जीव अडकलेला असतो पार्किंगमध्ये. दोन कॉलममध्ये तीन गाड्या बसवायच्या, तर कॉलम साधारण ८.४ मीटरवर येतात. दुकानांना ते चालतं, ऑफिसांना तर उत्तमच. पण वर फ्लॅट आले की तोच कॉलम कुणाच्या तरी बेडरूममध्ये मधोमध उगवतो. मग आरसीसीवाले, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचे इंजिनिअर, ट्रान्स्फर स्लॅब सुचवतात, म्हणजे मधल्या मजल्यावर जाड तुळया आणि वरचे कॉलम त्यांच्यावर. खर्च ऐकून बिल्डर हबकतो. महिना महिना ही ओढाताण चालते.

पण मला घडवलं ते एका चुकीने. पुण्यातल्या बाणेरची इमारत, माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी. तळमजल्यावर सगळी दुकानं दाखवली होती. दोन वर्षांनी त्यातल्या एका गाळ्यात हॉटेल आलं. किचनचा धूर गच्चीपर्यंत न्यायला डक्टच ठेवला नव्हता, म्हणून त्यांनी एक्झॉस्ट मागच्या भिंतीतून काढला, थेट फ्लॅटच्या खिडक्यांखाली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला बोलावून घेतलं. दोरीवरची धुतलेली नऊवारी हातात दिली आणि म्हणाल्या, ‘वास घेऊन बघा.’ फोडणीचा, तळणाचा वास होता. त्या काही रागावल्या नव्हत्या. मला मात्र मान वर करवेना. शेवटी सोसायटीने बाहेरून पत्र्याचा डक्ट चढवला. तो आजही तिथे आहे.

तेव्हापासून कोऱ्या कागदावर पहिल्यांदा डक्ट येतो, हॉटेल येणार असो वा नसो. दर मजल्यावर तेवढी जागा जाते आणि ती विकता येत नाही, म्हणून प्रत्येक बिल्डरशी यावर वाद होतो. जिने, लिफ्ट, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) यांवर मी तडजोड केली आहे. डक्टवर नाही.

आणि खाली दुकानं, वर घरं हा काही परदेशातून आलेला प्रकार नाही. पेठांतल्या वाड्यांत रस्त्याकडे दुकान, आत चौक आणि वर बिऱ्हाडं असायचीच. गिऱ्हाइकाला माजघर दिसत नसे आणि चौकातून सगळ्यांना उजेड-वारा मिळे. आम्ही तेच दहा-बारा मजल्यांत बसवायला धडपडतो, लिफ्ट आणि फायरच्या नियमांसकट.

सध्या खराडीत एक काम चालू आहे. आठवा स्लॅब भरून झालाय. परवा साइटवर तळमजल्यावरून डक्टमध्ये डोकं घालून वर पाहिलं, तर पार वर आभाळाचा लहानसा चौकोन दिसला. सुपरवायझरला म्हटलं, मधे कुठे फळ्या राहिल्या असतील तर आजच काढून घ्या.