शंभर दिवसांची मजुरी
आज मिरजेत चर्चला गेलतो, पाळकसाहेबांनी नेमका बायबलमधला मत्तय 18 वा अध्याय काढला. येशूचा शिष्य पेत्र विचारतो सात वेळा क्षमा करू का, आणि येशू म्हणतो साताच्या सत्तर वेळा. हे पाठ आहे, संडे स्कूलमध्ये गुणाकार पण केलाय 😄 पण येशूनं पुढं सांगितलेला दाखला, म्हणजे गोष्ट, आज वेगळीच लागली. राजानं ज्याचं दहा हजार तालांतांचं, म्हणजे अफाट कर्ज सोडलं तोच बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. मी कायम समजायचो शंभर दिनार म्हणजे किरकोळ. पण दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आजच्या 500 रुपये रोजानं धरला तरी 50 हजार झाले की!

आणि अगदी तेवढेच 2019 च्या महापुरात आत्तेभावाला दिलते, दुकानात पाणी शिरलं म्हणून. परत आले नाहीत, वर "कसले पैसे" पण ऐकून घेतलं. आपल्या प्रभूच्या प्रार्थनेत ऋण हाच शब्द आहे, आम्ही ऋण सोडलं तसं तू सोड, दर रविवारी म्हणतो आणि घरी येऊन डायरीतलं त्या उधारीचं पान बघतो.

चर्च सुटल्यावर गेटजवळ तोच आत्तेभाव, भिजलेली छत्री झटकत उभा. चहा घेणार का विचारलं. बशीत ओतून, मान खाली घालून प्यायला, पैशाचा विषय त्यानं काढला नाही, मी पण नाही. चहाचे वीस रुपये मात्र त्यानंच दिले, मला खिशात हात घालू दिला नाही.

पान अजून फाडलं नाही, खोटं कशाला बोलू.