लंडनच्या पबमध्ये दुपारचं जेवण: काउंटरवर काय बघायचं, काय विचारायचं

लंडनमध्ये पबमध्ये जायचं तर दुपारी जावं. संध्याकाळी ऑफिसं सुटली की लोक ग्लास हातात घेऊन पार फुटपाथपर्यंत उभे असतात आणि बारमागच्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी एकच्या सुमाराला टेबल मिळतं, कोणती बियर कशी आहे हे विचारता येतं, घोटभर चाखूनही बघता येते. लंडनला कामाला, मुलांकडे किंवा नुसतं फिरायला गेलेली आपली मंडळी बरेचदा पबच्या दारातून आत डोकावतात, कोणी ‘या, बसा’ म्हणत नाही म्हणून बुजतात आणि शेजारच्या कॉफीच्या दुकानात शिरतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर.

पहिली गोष्ट वेळेची. पब उघडा आहे म्हणजे स्वयंपाकघर चालू आहे असं नाही. पहिल्या महायुद्धात कामगारांनी दुपारभर पीत बसू नये म्हणून पब दुपारी बंद ठेवायचा कायदा आला, आणि इंग्लंडमध्ये तो १९८८ पर्यंत टिकला. रविवारची दुपार तर १९९५ मध्ये मोकळी झाली. आता पब दिवसभर उघडे असतात, पण बऱ्याच ठिकाणी जेवण बारा ते अडीच-तीन आणि मग थेट पाच-सहानंतर मिळतं. सव्वातीनला पोचलात तर वेफर्सच्या पाकिटावर भागवावं लागेल. साडेबारा ते दीडच्या दरम्यान जाणं सगळ्यात चांगलं.

आत गेल्यावर ‘रिझर्व्ह्ड’ची पाटी नसलेलं टेबल आपणच धरायचं. टेबलावर नंबर असतो: पितळी चकती, कोपऱ्यात कोरलेला आकडा किंवा चिकटवलेला कागद. तो लक्षात ठेवून एकाने काउंटरवर जायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. टेबलावर येऊन ऑर्डर घेणारे पब आहेत, पण साध्या पबमध्ये वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. काउंटरवर रांग दिसत नाही, तरी ती असते. कोण कोणाच्या आधी आलं हे बारमागच्या माणसाला आणि शेजाऱ्यांनाही ठाऊक असतं. हात किंवा नोट हलवून लक्ष वेधणं तिथे फार वाईट दिसतं. नजरानजर पुरते. आणि तुमच्या आधीचा कोणी मागे राहिला असेल तर ‘हे माझ्या आधी आहेत’ असं सांगणं शिष्टाचारात बसतं. पेय आणि जेवण दोन्ही एकदमच सांगायचं, टेबल नंबर द्यायचा, पैसे लगेच भरायचे. पेय हातात घेऊन परत यायचं, जेवण टेबलावर येतं.

आता बियर. इथेच पब चांगला की वाईट ते ठरतं.

काउंटरवर दोन प्रकारचे नळ दिसतील. छोट्या खटक्याचे नळ केग बियरचे. त्यात लागर (आपल्याकडे मिळते तशी फिकट, थंड बियर) आणि गिनेस (काळी आयरिश बियर) आले. ही बियर कारखान्यातच तयार होते आणि गॅसच्या दाबाने, थंडगार वर येते. दुसरे म्हणजे उंच, लाकडी किंवा चिनी मातीच्या मुठीचे हातपंप. ते कास्क एलचे. ही बियर पिंपात भरून येते तेव्हाही तिच्यात जिवंत यीस्ट असतं आणि पबच्या तळघरात तिचं आंबणं पूर्ण होतं. तळघर सांभाळणारा माणूस पिंपाच्या वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी बसवतो, म्हणजे जादा गॅस निघून जातो, आणि मग कठीण लाकडाची, म्हणजे उरलेला आत राहतो. मग पिंप न हलवता ठेवायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा. हे काम घाईत केलं की ग्लासात गढूळ बियर येते.

कास्क एल ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात. ‘इंग्रज कोमट बियर पितात’ हे आपल्याकडचं मत इथून आलेलं आहे, पण ही बियर कोमट नसते, तळघराइतकी गार असते. फ्रिजमधल्या लागरइतकी थंड केली तर हॉप्सचा (बियरला कडूपणा देणारी फुलं) आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेलं सातू) वास दबतो, म्हणून हे तापमान. फेसही थोडा आणि गॅस हलका. पहिला घोट सपक वाटला तरी दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला बिस्किटासारखी माल्टची चव आणि शेवटचा कडूपणा कळायला लागतो.

पिंपाला तोटी बसली की जेवढी बियर बाहेर जाते तेवढी हवा आत येते. म्हणून ते साधारण तीन दिवसांत संपायला हवं. उशीर झाला की बियर आधी मरगळते, मग आंबूस होते. सगळ्यात जास्त वापरातलं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंटचं (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा जास्त). याचा सरळ हिशेब असा की एका हातपंपातून दिवसाला २४ पाइंट तरी गेले पाहिजेत. आठ हातपंप मांडलेत आणि पबमध्ये पाचच माणसं बसलीत, तर तिथे लागर घ्यावी. तीन-चार पंप आणि बऱ्यापैकी वर्दळ असलेला पब माझ्या मते कायम सरस.

दुपारी जाण्यात एक धोका आहे, तोही सांगायला हवा. रात्रभर पंपाच्या नळकांड्यात आणि नळीत थोडी बियर उभी राहते. चांगला पब सकाळी ती ओढून टाकून देतो, आळशी पब ती दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला देतो. म्हणून बाराच्या ठोक्याला न जाता थोडं उशिरा जावं आणि आधी कोणी ज्या पंपाची बियर घेतली असेल तीच मागावी. पंपावर बियरच्या नावाची पाटी असते. ती उलटी फिरवलेली दिसली तर ते पिंप संपलंय किंवा नवं अजून तयार नाही.

चव विचारायला लाजू नका. छोट्या ग्लासात घोटभर देतात. घेतलेली बियर व्हिनेगरसारखी लागली तर ग्लास परत न्यायचा आणि ‘ही बिघडली असावी’ एवढंच म्हणायचं. नीट चालवलेल्या पबमध्ये वाद न घालता दुसरी मिळते. नुसती ‘आवडली नाही’ याला मात्र परतावा नाही, त्यासाठीच आधी चाखायची.

सुरुवातीला ३.५ ते ४.५ टक्के अल्कोहोलची बिटर, म्हणजे कडसर इंग्लिश एल, घ्या. लंडनमध्ये फुलर्सची लंडन प्राइड हमखास दिसते, ससेक्समधल्या हार्वीजची बेस्ट मिळाली तर सोडू नका. ऑगस्ट २०२३ पासून ३.५ टक्क्यांखालच्या बियरवर कर कमी झाला. त्यानंतर बऱ्याच बियर ३.४ टक्क्यांवर आल्या, तेव्हा पाटीवरचा आकडा वाचूनच मागवा.

माप कायद्याने ठरलेलं आहे. पाइंट म्हणजे ५६८ मिली, आपल्या मोठ्या बाटलीहून जरा कमी. जेवणाबरोबर अर्धा पाइंट मागण्यात कमीपणा नाही, उलट दोन वेगळ्या बियर चाखता येतात. व्हिस्की-जिन २५ किंवा ३५ मिलीची असते, आपला ३० चा पेग तिथे नाही. वाइन १२५, १७५ किंवा २५० मिली. नुसतं ‘ग्लास’ म्हटलं तर मधलं किंवा मोठं माप पुढे येऊ शकतं, म्हणून आकडा सांगावा.

शाकाहारी माणसाने जेवणाआधी बियरचीच चौकशी करावी. कास्क एलचा गाळ लवकर बसावा म्हणून तिच्यात परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेलं आयसिंगग्लास घालतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसं ते काम करतं: यीस्टला धरून तळाशी नेतं. ग्लासात त्याचा अंशच येईल, पण ज्याला चालत नाही त्याला चालत नाही. ‘व्हीगन’ किंवा ‘अनफाइन्ड’ (गाळ बसवायला काही न घातलेली) लिहिलेली बियर मागावी. ती थोडी धूसर दिसली तर तो दोष नाही. गिनेसने मासा वापरणं बंद केलं आहे.

ताटात अडचणी जास्त. रविवारचं खास जेवण म्हणजे रोस्ट: भाजलेलं मांस, बटाटे, यॉर्कशर पुडिंग आणि ग्रेव्ही. यॉर्कशर पुडिंग म्हणजे मैदा, अंडी आणि दुधाचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुलवलेला वाडगा. ती चरबी बरेचदा गाईची असते. रोस्ट बटाटेही त्यातच किंवा बदकाच्या चरबीत भाजलेले असू शकतात, आणि ग्रेव्ही मांसाच्या रसाची. म्हणजे रविवारी ‘व्हेजिटेरियन रोस्ट’ मागवलंत तरी मधला नट रोस्ट (दाणे-सुकामेव्याची भाजलेली वडी) तेवढा शाकाहारी, असंही होऊ शकतं. ‘बटाटे कशात भाजलेत, ग्रेव्ही वेगळी आहे का’ हे दोन प्रश्न विचाराच. चिप्स (म्हणजे आपल्या फ्रेंच फ्राइज) तेलात तळलेल्या असल्या तरी त्याच कढईत मासे तळले जातात का, हा तिसरा. चीज टोस्टवर वूस्टर सॉस असेल तर त्यात अँचोव्ही मासा असतो. काही पारंपरिक पुडिंगांत गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, म्हणजे सुएट, पडते. स्टिकी टॉफी पुडिंगमध्ये खजूर, लोणी आणि अंडी असतात, आणि जागा उरली असेल तर ते खावंच. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘पाय’ (पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ) कोणत्या मांसाचा आहे ते बघावं. स्टेक अँड एल पाय म्हणजे गोमांसच. चिकन अँड लीक पाय (लीक म्हणजे पातीच्या कांद्यासारखी भाजी) किंवा फिश अँड चिप्स चालतील, पण आवरणात किंवा तळणात गाईची चरबी नाही ना, तेही विचारावं.

हलकं खायचं तर प्लाउमन्स लंच मागवा. चेडर किंवा स्टिल्टन चीजचा जाड तुकडा, पाव, लोणी, व्हिनेगरमधला कांदा, सफरचंद आणि गोडसर तपकिरी लोणचं. हे शेतकऱ्याचं पुरातन जेवण म्हणून ओळखलं जात असलं तरी या नावाने त्याचा प्रसार केला तो विसाव्या शतकाच्या मध्यात चीज आणि दूध व्यवसायातल्या संस्थांनी. बिटरबरोबर मात्र याच्याइतकं काही जमत नाही. त्यात हॅम असू शकतं, नको असेल तर आधी सांगावं.

न पिणाऱ्यांनीही बिनधास्त जावं. लाइम अँड सोडा स्वस्त असतो, पण त्यात ताजं लिंबू नसतं, गोड सरबताचा अर्क असतो. साधं पिण्याचं पाणी फुकट देणं मद्यविक्रीच्या परवान्याची अटच आहे. दारू विकत घ्यायला वय १८ लागतं. तिशीच्या आतल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा, कारण पंचविशीखालचा वाटेल त्याला ओळखपत्र मागायची पद्धत आहे. दुपारी मुलांना जेवायला नेता येतं, तरी दारावरची सूचना वाचावी.

काउंटरवर पैसे भरले तर टिप अपेक्षित नसते. टेबलावर ऑर्डर घेतली असेल तर बिलात बहुधा १२.५ टक्के सेवाशुल्क जोडलेलं असतं. ते ऐच्छिक आहे, पण लावलं असेल तर वर आणखी काही ठेवू नये. चौघं गेलात तर एकेक जण आळीपाळीने सगळ्यांची पेयं आणतो. ज्याला एकच प्यायची आहे त्याने पहिल्या फेरीआधीच सांगून वेगळं घ्यावं, म्हणजे कोणाचा हिशेब अडत नाही.

कुठे जायचं? जेवण मुख्य असेल तर फॅरिंग्डन रोडवरचा द ईगल. १९९१ मध्ये इथूनच गॅस्ट्रोपबची, म्हणजे चांगल्या जेवणावर भर देणाऱ्या पबची, लाट सुरू झाली. पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात. लंडन ब्रिज स्टेशनजवळ जॉर्ज इन आहे, लाकडी सज्ज्यांची जुनी सराई, आता नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची. ऊन असेल तर तिथे अंगणात बसावं. ब्लूम्सबरीत लॅम्ब्स कॉन्ड्युइट स्ट्रीटवरच्या द लॅम्बमध्ये काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला नक्षीदार काचेच्या छोट्या फिरत्या झडपा अजून आहेत. व्हिक्टोरियन काळात गिऱ्हाइकाला बारमागच्या माणसाची नजर चुकवून पिता यावं म्हणून त्या बसवत. फ्लीट स्ट्रीटच्या गल्लीतलं ये ओल्ड चेशर चीज १६६६ च्या लंडनमधल्या मोठ्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं आहे. तिथे सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशरच्या ब्रुअरीचीच बियर मिळते, नेहमीच्या ब्रँडची नावं घेऊन उपयोग नाही. सिटी भागातले (लंडनचा जुना, आता बँका-ऑफिसांचा भाग) बरेच पब शनिवार-रविवारी बंद असतात, तेव्हा तिकडे कामाच्या दिवशी जावं. रविवारच्या रोस्टसाठी मात्र कुठेही आधी टेबल नोंदवावं, आणि दोनच्या आत पोचावं. उशीर झाला की पदार्थ एकेक करून संपत जातात.