दहा वाजून चार मिनिटं

महिनाअखेर होती. इंदूरच्या साउथ तुकोगंजातल्या एका ऑफिसचे २२ संगणक मी सांभाळतो. प्रिंटरचं काम उरकून निघणार, तेवढ्यात अकाउंट्सच्या काकूंनी हाक मारली.

"अरे, जरा बघशील का? मी रोज वेळेत येते रे. तरी सात लेट मार्क लागलेत."

तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. काकूंचा आवाज भरून आला होता.

त्या राजेंद्रनगरहून सिटी बसने येतात आणि जिन्याशी आल्या की मुलीला 'पोचले' असा मेसेज टाकतात. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. ९:५२, ९:५१, ९:५३. हजेरीच्या नोंदी काढल्या, तर १०:०४, १०:०३, १०:०५. रोज नेमकी बारा मिनिटं!

हजेरीचा संगणक रिसेप्शनवर असतो, अंगठ्याच्या मशीनला जोडलेला. वेळेचा स्रोत विचारणारी कमांड दिली. उत्तर आलं, 'लोकल सीमॉस क्लॉक', म्हणजे मदरबोर्डवरचं, सेलवर चालणारं स्वतःचं घड्याळ. तो संगणक बाहेरून वेळ घेतच नव्हता. घड्याळ बदललं की सिस्टीम लॉगमध्ये नोंद होते, म्हणून मागे मागे जात राहिलो. अकरा दिवसांपूर्वी सकाळी ते २०१९ सालावरून त्या दिवसाच्या तारखेवर आणलेलं दिसलं. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. रिसेप्शनवरच्या मुलाने नवा सेल घातला आणि वेळ लावली ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावरून. ते घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलेलं, आपल्या घरोघरी ठेवतात तसं.

तरीही इंटरनेटवरून वेळ आपोआप सुधारायला हवी होती. ती सुधारली नाही ती माझ्यामुळे. त्याच महिन्यात मी नवा फायरवॉल, म्हणजे इंटरनेटची ये-जा अडवणारा पहारेकरी, बसवला होता आणि ज्या वाटेने वेळ येते ते यूडीपीचं १२३ नंबरचं पोर्ट उघडायचं राहून गेलं होतं. ऑफिसचा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हरसुद्धा १४ सेकंद मागे पडला होता. काकूंना आणि मॅनेजरसाहेबांना मी हे तिथल्या तिथे सांगितलं.

भर दिवसा घड्याळ मागे घेतलं असतं तर नोंदींचा क्रम बिघडला असता. म्हणून सगळे घरी गेल्यावर बसलो. पोर्ट फक्त सर्व्हरसाठी उघडलं आणि सर्व्हरला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वेळ जोडून दिली. भारतीय प्रमाणवेळ तीच राखते. बाकी सगळ्यांनी वेळ सर्व्हरकडून घ्यायची. रिसेप्शनचा संगणक डोमेनबाहेर, म्हणजे सर्व्हरच्या ताब्यातल्या संगणकांच्या गटाबाहेर होता, त्यालाही आत घेतलं. डोमेनमध्ये घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस, म्हणजे लॉगिनची ओळख तपासणारी यंत्रणा, ओळख नाकारते, आणि मला लगेच फोन येतो. बाहेरचा संगणक मात्र गुपचूप चुकत राहतो, आणि हजेरीच्या बाबतीत त्याची किंमत कुणाच्या तरी पगारातून जाते.

निघताना स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळही मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकरा दिवसांच्या नोंदींतून बारा-बारा मिनिटं वजा करून तक्ता मॅनेजरसाहेबांना दिला. नऊ जणांचे लेट मार्क रद्द झाले. काकूंचे सातही.